अर्जुनसालीचे सात कागद

शुक्रवार, २१ मार्च. सकाळचे सात. लालबाग, चाळीचा दुसरा मजला.

हजर : माझा थोरला भाऊ वसंत, म्हणजे दादा, वय एकाहत्तर, वहिनी, मजल्यावरचे पाच शेजारी, प्रत्येकाच्या हातात आपापला कप, आणि मी, कुडाळहून रात्रभर बसून आलेली, पिशवी अजून खांद्यावर. गैरहजर : परब. सहावा कप त्यांचा असायचा.

दादा गॅलरीत स्टुलावर टोप ठेवून डावाने काढा वाढत होता. अर्जुनाच्या सालीचा काढा, विटकरी रंगाचा, वर किंचित फेस. पाचही जण रांगेने कप पुढे करत होते. आमच्याकडे औषध माणूस दाराआड तोंड फिरवून घेतो. इथे ते पाणी भरण्यासारखं सार्वजनिक आहे. काढा पोटात गेल्याशिवाय चहा नाही, असा दादाचा नियम आणि तो सगळे पाळतात. सगळ्यांचं झाल्यावर दादाने आपला पेला भरला. स्टीलचा, त्यावर त्याचं नाव कोरलेलं. दोन घोटांत संपवला, मिशी पुसली आणि मला म्हणाला, "तुझ्याच कृपेन चल्लाहा सगळा."

त्याच्या मागे भिंतीवर, कालनिर्णयाच्या शेजारी, मी लिहिलेला कागद चिकटवला होता. कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लागलेलं होतं.

त्या कागदासाठीच मी आले होते. तो परत न्यायला.

आधी हा कागद कुठून आला ते सांगते. मी एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे, तीस वर्षं. आमच्या गावकऱ्यांचं मुंबईत मंडळ आहे. त्यांच्या गणपतीच्या स्मरणिकेसाठी दादाने माझ्याकडे मजकूर मागितला. त्याच महिन्यात आमच्याकडे मुलांनी झाडांच्या सालींवर प्रयोग केला होता. त्यात एक जांभळं द्रावण असतं. ज्या पदार्थात ऑक्सिडीकरण रोखण्याची ताकद असते, तो त्यात घातला की जांभळा रंग उतरून पिवळा होतो. अर्जुनाच्या सालीत टॅनिनं आणि फ्लॅव्होनॉइडं भरपूर असतात, त्यामुळे रंग बघता बघता उतरला. मी अर्ध्या पानात ते लिहून दिलं. "अर्जुनाची साल शरीरातील घातक मुक्त मूलकांना निष्प्रभ करते," हे माझं वाक्य. शरीर त्या प्रयोगात कुठेच नव्हतं. एक काचेची नळी होती आणि साल मिथेनॉलमध्ये भिजवलेली होती, जे कोणी प्यायलं तर आंधळं होईल.

आणखी एक गोष्ट मी लिहिली नाही. नळ्या तीन होत्या. पहिलीत क जीवनसत्त्व, दुसरीत साल, तिसरीत कँटीनचा कोरा चहा. चहाच्या नळीतला रंग सालीच्या आधी उतरला. रजिस्टरमध्ये ती ओळ माझ्याच अक्षरात आहे. स्मरणिकेत चहा शोभणार नाही म्हणून मी ती गाळली. मी भाजीची यादीसुद्धा कधी अर्धी लिहीत नाही.

दादाच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी जाळी बसवली. स्मरणिका आली आणि त्याने गोळ्या बंद केल्याचं मजल्यावर जाहीर केलं. पानाच्या सात प्रती काढून वाटल्या. त्यानंतर त्याचे रिपोर्ट चांगलेच येत गेले. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा. दादाने असंच चालू ठेवलं. मग परबांनी रक्तदाबाची गोळी सोडली आणि जानेवारीत त्यांची उजवी बाजू गेली. त्यांना उचलून नेलं तेव्हा सदऱ्याच्या खिशात माझा कागद निघाला. हे मला भाच्याने फोनवर सांगितलं, तेही मार्चमध्ये, आणखी कशाच्या तरी बोलण्यात.

तेव्हा वहीत मी तीन कामं लिहिली. एक, सातही कागद परत घेणे. दोन, ज्यांनी गोळ्या सोडल्या त्यांना त्या पुन्हा सुरू करायला सांगणे. तीन, दादा. तिसऱ्यापुढे क्रियापद सुचलं नाही. (इथे माणसांची नावं बदलली आहेत. दादा नियतकालिकं वाचत नाही, पण कोणी आणून दिलेला कागद मात्र नीट वाचतो.)

पहिल्या दिवशी लालबागमधलेच कागद. तळमजल्यावरच्या फलकावरचा मी स्वतः काढला, चार टाचण्या पुन्हा जागेवर लावल्या. मजल्यावरच्या दोघांनी आपापले दिले, पण मी त्यांचं मंगळसूत्र मागितल्यासारखा चेहरा करून. पाचही घरांत जाऊन मी सांगितलं की हा नळीतला प्रयोग आहे, गोळी सोडू नका, आणि घरातल्या बायकांना वेगळं बाजूला घेऊन पुन्हा सांगितलं. पाचांपैकी दोघांनी गोळ्या सोडल्या होत्या. एकाच्या बायकोने माझ्यासमोर डबा काढून गोळी त्याच्या हातावर ठेवली. दुसरे, तांबे, शांतपणे म्हणाले, "वसंतान सोडल्यान, मगे?" आणि गॅलरीकडे बोट केलं. दादा तिथे दोन बादल्या घेऊन जिना चढत होता. त्याला दमसुद्धा लागला नव्हता.

चौथा कागद दादाच्या भिंतीवरचा, तो नंतर मागायचा ठरवला. पाचवा मसाला कुटायच्या दुकानात होता. मार्च म्हणजे लालबागला मिरचीचा महिना. गल्लीत शिरल्यापासून डोळ्यांना धार लागते. आमच्याकडे मिरची अंगणात वाळते आणि घरातल्यांनाच ठसका देते. इथे गिऱ्हाइकं स्टुलांवर बसून आपल्याच मसाल्यावर नजर ठेवतात, कारण दुसऱ्याचा मसाला आपल्यात यायला नको. डंख्याचा, म्हणजे कुटायच्या यंत्राचा, लोखंडी दांडा खालीवर होत होता. दादाच्या सालीची पूड इथेच होते, हे मला तिथे कळलं. मी विचारलं, मिरचीनंतर उखळ धुता का? दुकानदाराने मान हलवली, म्हणाला, सुक्या फडक्याने पुसतो, पाणी लागलं की गंजतं. मी शिंकायला लागले ती अठरा शिंका. त्या मोजल्या, कारण मधे दुसरं काही करता येत नव्हतं. कागद हातात घेऊन परत आले तर दादा म्हणाला की पहिल्या आठवड्यात काढा घशाला झोंबतो, तेव्हाच समजायचं लागू पडतोय.

दुपारी वहिनींनी बांगड्याचं तिखलं केलं होतं. जेवून मी भांडी घासायला बसले. त्या नको नको म्हणत होत्या, जरा जास्तच. सकाळचे कप आणि पेला तसेच मोरीत होते. तीस वर्षं मी लोकांच्या काचा धुतल्या आहेत. तळाला काय राहिलं ते बघितल्याशिवाय माझा हात नळाखाली जात नाही. टोपाच्या तळाला विटकरी गाळ होता. घरातल्या आणखी एका कपातही तसाच. दादाच्या पेल्यात विटकरी गाळाखाली पांढरा थर होता, बोटाला खडूसारखा लागणारा.

मी पेला वहिनींपुढे धरला. त्यांनी आधी दाराकडे बघितलं. या मजल्यावर दारं रात्रीपर्यंत उघडी असतात, गुपित ठेवायचं तर त्याला आवाजाचा आडोसा लागतो. मग मोरीत माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या आणि नळ सोडला.

"पहाटे पाणी येतं ना, बादल्यांचा गोंगाट असतो," त्या म्हणाल्या. "तेव्हा खलबत्त्यात कुटते. तिन्ही गोळ्या. पेल्याच्या तळाला घालून ठेवते."

"कधीपासून?"

"त्यांनी सोडल्या त्या दिवसापासून. एक दिवस चुकले नाही." नळ त्यांनी आणखी मोठा केला. "त्यांना सांगू नकोस. माझ्या हातचं पाणी पिणार नाहीत परत."

म्हणजे दादाने गोळ्या एकही दिवस सोडल्या नव्हत्या. बादल्या उचलून जिना चढणारा तो म्हातारा, ज्याच्याकडे बघून तांब्यांनी गोळी थांबवली आणि परबांनी रक्तदाब वाढू दिला, तो औषधावरच उभा होता. हे वहिनींशिवाय कोणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नाही. आता ते मलाही माहीत झालं. मी पेला घासून पालथा घातला.

शनिवार, २२ मार्च. गिरगाव.

सकाळी पहिलं काम म्हणून मी दादाच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. दोन गोळ्या कुटल्या तर चालतील, तिसरी मात्र कुटायची नाही, ती हळूहळू विरघळायची असते, ती बदलून देतो म्हणाले. शेवटी म्हणाले, आता तरी त्यांना सांगा. मी हो म्हटलं. नवी गोळी आणून वहिनींना समजावली, त्यांनी पाकीट तांदळाच्या डब्यात ठेवलं.

गिरगावात सहावा कागद होता, काष्ठौषधीच्या दुकानात. बस उशिरा मिळाली आणि चर्नी रोडच्या बाजूने शिरायचं ते मी ठाकुरद्वाराच्या बाजूने शिरले, त्यामुळे दोन वाड्या फुकट हिंडले. वाईट वाटलं नाही. एका वाडीत पापडाच्या लाट्या वाळत होत्या, दुसरीत एक आजोबा पायरीवर बसून वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजल्या मोठ्याने वाचत होते आणि ओळखीचं नाव आलं की थांबत होते. एका जुन्या उपाहारगृहात थालीपीठ आणि लोण्याचा गोळा घेतला. लोणी घरच्यासारखं होतं. थालीपीठ बेताचं, कांदा जाड चिरलेला.

दुकान अरुंद आणि खोल, छतापर्यंत पत्र्याचे डबे. मालक साठीचा, बोलण्यात चटपटीत. गल्ल्यावर, देवाच्या तसबिरीखाली, माझा कागद लॅमिनेट करून टांगला होता. मी तो मागितला. त्याने तळाचं नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्हीच का? ताई, फोटो देऊन जा ना एखादा. वर लावतो."

मी म्हटलं, मला तो काढून न्यायचा आहे, त्यात चूक आहे. त्याने लगेच खिळ्यावरून काढून दिला, कपड्याने पुसूनसुद्धा दिला. म्हणाला, न्या खुशाल, वर माळ्यावर मशीन आहे, प्रत्येक पुडीबरोबर एक प्रत जाते. गणपतीपासून जाते आहे. कोणाकोणाकडे गेली, ते त्याला माहीत नाही. शीव, माहीम, वसई, कुठूनही लोक येतात. सात कागदांची माझी यादी मी त्याच्या गल्ल्यावर उघडी ठेवली होती. ती मिटून पर्समध्ये टाकली.

मग साल बघायला मागितली. आमच्याकडे नदीकाठी अर्जुन असतो आणि डोंगरउतारावर ऐन. अर्जुनाची साल राखाडी, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी. ऐनाची काळपट, चौकोनी भेगांची, मगरीच्या पाठीसारखी. पोत्यातून आलेली साल कोणत्या जंगलातली, ते त्यालाही सांगता येईना. एका डब्यात अर्जुन होता. ज्या डब्यातून दादाची साल जाते, त्यात मगरीची पाठ होती.

"हा पण अर्जुनच," तो म्हणाला. "गावठी."

हा ऐन आहे, मी सांगितलं. त्याने तुकडा हुंगला, परत टाकला. "आता तुमच्या भावालाच बघा, ताई. लागू पडतं की नाही?"

याचं खरं उत्तर माझ्याजवळ होतं आणि ते मला देता येत नव्हतं. मी चहाची ओळ सांगितली. म्हटलं, त्या जांभळ्या पाण्यात कोरा चहासुद्धा सालीच्या वर निघाला, ऐनही निघेल, जांभळाच्या बिया, डाळिंबाची सालं, तुरट असेल ते बहुतेक सगळं निघेल, त्यावरून हृदयाचं काही ठरत नाही. नवा कागद देते, तो वाटा. त्याने ऐकून घेतलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. चहा आल्यावर त्याने तो उचलून प्रकाशात धरला, हसला आणि म्हणाला, मग हे चहावाल्याला द्या, त्याचा धंदा वाढेल.

घरी आल्यावर मी दादाला भिंतीवरचा कागद मागितला. तिसरी नळी सांगितली. साल ऐनाची आहे तेही सांगितलं. त्याने सगळं ऐकलं.

"तूच लिवलंस मा? मगे आता काढूक कित्याक सांगतंस?" आणि छातीवर थाप मारली. "ह्या काय खोटा हा?"

वहिनी आत कांदा चिरत होत्या. सुरीचा आवाज थांबला. मी पर्स खुंटीला अडकवली. थोड्या वेळाने सुरी पुन्हा चालू झाली. दादाने कागद स्वतःच्या हाताने सोडवून मला दिला. घे, मला पाठ आहे, म्हणाला.

रविवार, २३ मार्च. दादर.

सातवा कागद परबांचा. ते लेकीकडे आहेत, दादरला बाजारामागच्या इमारतीत. हातात सफरचंदं होती. लिफ्ट बंद, पाच मजले. तिसऱ्यावर पिशवी फाटली आणि एक सफरचंद जिन्यातून थेट तळमजल्यावर गेलं. ते तिथेच सोडलं.

परब गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर काम करणारे, दादाबरोबर एकाच खात्यात. उंच माणूस. खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर उशीवर ठेवलेला. लेक मला पाणी देऊन स्वयंपाकघरात गेली. मला ओळखलं त्यांनी. डाव्या हाताने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात गिरणीचं जुनं ओळखपत्र आणि माझा कागद, चार घड्या घातलेला. मी मागायच्या आधीच त्यांनी तो उलगडायला सुरुवात केली. एका हाताने वेळ लागत होता. मी मदत केली नाही, त्यांना आवडलं नसतं.

त्यांना काही विचारायचं होतं. शब्द सावकाश, एका बाजूने येत होते. सकाळचा कप दादाकडे घेत, पण संध्याकाळचा काढा ते घरी मातीच्या मडक्यात करत आणि ते मडकं गौरीनंतर फुटलं होतं. मग ते काढा लोखंडी कढईत उकळत होते. शाईसारखा काळा व्हायचा. दादाने भेटायला येऊन सांगितलं, लोखंडानेच घात केला.

"वसंताक लागू पडला," परब म्हणाले. "माका कित्याक नाय पडला? लोखंडान बाद झाला काय? तू लॅबवाली. तू सांग."

रसायनशास्त्र त्यांच्या बाजूने होतं. सालीतलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळं पडतं, जुन्या काळी त्याचीच शाई करत. हो, लोखंडानेच, एवढं म्हटलं असतं तर वाक्य खरं ठरलं असतं आणि विषय मिटला असता. दादा सुटला असता, वहिनी सुटल्या असत्या, मी सर्वांत आधी. दोष कढईवर गेला असता. आणि ते बरे होऊ लागल्यावर त्यांनी नवं मडकं आणलं असतं.

मी म्हटलं, "काळं होतं ते लोखंडानेच. पण तुमचं दुखणं त्यामुळे नाही आलं. तुमची गोळी सुटली म्हणून आलं. ती आता सोडू नका."

 मी काय म्हणाले ते त्यांनी नीट तपासून बघितलं, साच्यात अडकलेला धागा शोधावा तसं.

"गोळी वसंतानय सोडल्यान."

लेक शिऱ्याची ताटली घेऊन आली. तिने वडिलांच्या गळ्याशी नॅपकिन खोचला. शिऱ्यात वेलची जास्त होती. मी तो संपवला. निघताना परबांनी कागद माझ्या हातात दिला, पण सोडला नाही. म्हणाले, आता नसेल सांगता येत तर बघ आणि लिहून कळव, लेक वाचून दाखवेल. मी म्हटलं, कळवते, तेव्हा त्यांनी कागद सोडला.

संध्याकाळच्या गाडीने निघाले. वहिनींनी डबा दिला आणि दाराशी माझा हात दोन्ही हातांत धरला. जिन्यावर तांबे भेटले, म्हणाले, गोळीचा विचार करतो.

कुडाळला परत येऊन तीन आठवडे झाले. मधे पाडवा झाला. वही समोर आहे. कागद सात, सातही फाइलमध्ये. गिरगावच्या माळ्यावरून गेलेले, माहीत नाहीत. तिसऱ्या नळीची ओळ मंडळाला पाठवली, पुढच्या स्मरणिकेत जागा असेल तर घेऊ म्हणाले. दुकानदाराला नवा कागद पाठवला, उत्तर नाही. वहिनींना फोन केला, नवी गोळी पेल्यात नीट विरघळते. तांबे अजून विचार करत आहेत.

परबांना लिहायचं पत्र टेबलावर आहे. "टॅनिन व लोखंड" इथपर्यंत लिहून झालं आहे, स्वच्छ अक्षरात, आकृतीसह. त्याखाली दुसरा क्रमांक घालून मी त्यांचा प्रश्न उतरवला आहे : वसंताक लागू पडला, माका कित्याक नाय पडला? उत्तर लिहायचं राहिलं आहे.